समोर भिडू बसलाय का?

१९८६ साली काझुहिसा हाशिमोतो कोनामी या जपानी कंपनीत 'ग्रेडियस' हा आर्केडवरचा गेम निन्टेन्डोच्या घरगुती यंत्रावर उतरवत होते. एक अंतराळयान, समोरून अंगावर येणाऱ्या शत्रूंच्या रांगा, आणि एक गोळी लागली की खेळ खलास. असा गेम तपासायचा तर तो शेवटपर्यंत खेळावा लागतो, आणि हाशिमोतोंना तो शेवटपर्यंत खेळताच येईना. मग त्यांनी स्वतःपुरती एक चोरवाट ठेवली: वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, बी, ए. खेळ थांबवून या क्रमाने बटणं दाबली की यानाला जवळपास सगळी शस्त्रं एकदम मिळतात. वापरणारे आपणच, म्हणून क्रमही लक्षात राहील असा निवडलेला. गेम दुकानात गेला तेव्हा कोड आतच होता. दोन वर्षांनी कोनामीच्याच 'कॉन्ट्रा' या गेममध्ये त्याच क्रमाने ३ जिवांचे ३० जीव होऊ लागले, आणि जगभरच्या पोरांना तो तोंडपाठ झाला.

डेव्हलपर मोड खेळणाऱ्यांच्या हाती द्यावा का, हा वाद निघाला की मला हाशिमोतो आठवतात. या वादात एक वाक्य हमखास येतं: बनवणाऱ्याने ठरवलेल्या कसाला उतरूनच गेम खेळायला हवा. इथे तर कस लावणाराच कसाला उतरला नव्हता. त्याला काम पुढे न्यायचं होतं, आपल्या हातांना किती जमतं हे त्याला माहीत होतं, आणि त्याने निमूटपणे सोय करून घेतली. ही सोय त्याला चालते, तर पैसे मोजून गेम विकत घेणाऱ्या माणसाला का चालू नये, याचं पटेल असं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

डेव्हलपर मोड म्हणजे गेम बनवणाऱ्यांची कामाची बाजू. भिंतीतून आरपार जाता येणं, कितीही मार बसला तरी न मरणं, कॅमेरा पात्रापासून सुटा करून हवा तिथे नेणं, हवी ती वस्तू हव्या त्या जागी आणून ठेवणं, काळ थांबवणं, आत चाललेले आकडे पडद्यावर बघणं. 'क्वेक'पासून बऱ्याच गेममध्ये हे एका कन्सोलमागे असतं. कीबोर्डवर डाव्या कोपऱ्यातलं एक बटण दाबलं की वरून काळी पट्टी उतरते आणि तिच्यात आज्ञा टाइप करायच्या. गेम थांबवून आतल्या दृश्याचा फोटो काढायचा जो फोटो मोड आज सगळे कौतुकाने वापरतात, तोही याच सुट्या कॅमेऱ्याच्या कुळातला आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. एकट्याने खेळायच्या गेममध्ये हे सगळं खेळणाऱ्याला मिळायला हवं, तेही वेगळे पैसे न मोजता. समोर दुसरा माणूस असेल तिथे मात्र अजिबात नाही, जोवर तो माणूस हो म्हणत नाही.

आमच्या पिढीतल्या अनेकांची या दुनियेशी पहिली ओळख सायबर कॅफेत झाली. आमच्या गावातल्या कॅफेत 'व्हाइस सिटी' हा शहरभर गाड्या पळवायचा गेम प्रत्येक मशीनवर असे आणि प्रत्येक पोराकडे वहीच्या मागच्या पानावर कोडची यादी असे. खेळता खेळता कीबोर्डवर 'पॅन्झर' टाइप करायचं. टाइप केलेलं कुठेच दिसत नाही, आणि एकदम समोर रणगाडा येऊन उभा राहतो. 'ॲस्पिरिन' लिहिलं की जीव पूर्ण भरतो, 'लीव्ह मी अलोन' लिहिलं की मागे लागलेले पोलीस हटतात. यावर मोठी मुलं आम्हाला चिडवायची, की तुम्ही खरं खेळतच नाही. पण कॅफेत वेळ तासावर विकत घेतलेला असतो. आज जिथवर पोचलो ते उद्या सापडेल याची खात्री नाही, कारण मधल्या वेळात दुसऱ्या कुणीतरी त्याच जागी आपला गेम सेव्ह केलेला असतो. बनवणाऱ्यांनी गेम रचला तो घरी बसून महिनाभर एकेक मिशन पार करणाऱ्या माणसासाठी. आमच्याकडे एक तास होता, आणि त्या तासात ते शहर बघून घ्यायला रणगाड्याइतकं योग्य वाहन दुसरं नव्हतं. चीट कोड नसते तर पहिल्या दोन-तीन मिशनपलीकडचा गेम आमच्यातल्या बहुतेकांनी पाहिलाच नसता.

पुढे स्वतःचा कॉम्प्युटर आला तेव्हा मी 'डूम २'मध्ये बराच काळ नुसता भिंतींतून फिरलो. तो अनुभव जरा सविस्तर सांगायला हवा. 'आय डी क्लिप' ही अक्षरं सलग टाइप केली की पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात भिंती आता अडवणार नाहीत असा बारीक अक्षरातला संदेश येतो. मग भिंतीवर चालून जायचं. भिंत नाकाशी येते, मोठी होते, तिच्यातले ठोकळे दिसू लागतात, आणि पुढच्याच पावलाला ती नाहीशी होते. पलीकडे अंधार असेल असं वाटतं. पण तिथे विचित्र प्रकार दिसतो: मघाशी पडद्यावर जे चित्र होतं तेच चिकटून राहिलेलं, मान वळवली की त्याच्यावरच पुढचं चित्र फराटे ओढल्यासारखं पसरतं, आरशात आरसा दिसावा तशी बंदुकीची ओळ उमटत जाते.

याचं कारण मला नंतर समजलं. डूमचं इंजिन प्रत्येक वेळी पडदा आधी पुसून मग नवं चित्र काढत नाही. पडद्याचा प्रत्येक ठिपका कुठल्या ना कुठल्या भिंतीने, जमिनीने किंवा छताने झाकला जाणारच, हे त्यात गृहीत धरलेलं आहे, मग पुसण्यात वेळ कशाला घालवायचा? १९९३ च्या कॉम्प्युटरवर एवढी बचतही मोलाची होती. नकाशाच्या बाहेर रंगवायला काहीच नसतं, म्हणून जुनं चित्र तिथेच राहतं. नकाशा उघडून 'आय डी डी टी' टाइप केलं की न पाहिलेल्या भिंतीही रेघांनी दिसू लागतात. तेच पुन्हा टाइप केलं की कोपऱ्याआड दबा धरून बसलेले राक्षस छोट्या त्रिकोणांच्या रूपात दिसतात. ज्याला मी रात्री दचकत होतो तो एक त्रिकोण होता, आणि त्याचं टोक माझ्याकडे होतं. त्या दिवसापासून गेम कुणीतरी बसून बनवलेली गोष्ट आहे हे मला हाताला लागल्यासारखं कळलं. कुणीतरी इथे काटकसर केली, कुणीतरी हा राक्षस मुद्दाम दाराआड ठेवला. मी आज प्रोग्रॅमिंग करून पोट भरतो, त्याची सुरुवात कुठल्या क्लासमध्ये झाली नाही, त्या भिंतीपलीकडे झाली.

विरुद्ध बाजूचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. २०१९ मध्ये 'सेकिरो' आला तेव्हा अवघडपणावरून मोठं रण माजलं होतं. त्या गेममध्ये सोपी-मध्यम-अवघड अशी निवडच नाही. एका शत्रूपुढे पुन्हा पुन्हा मरून, त्याच्या तलवारीची लय कानात बसवून अखेर त्याला पाडण्यात जे सुख आहे ते खरं आहे, मी ते चाखलेलं आहे. अमर होऊन खेळलं तर ते सुख मिळणार नाही, हेही खरं. अमाप पैसा आणि अमाप जीव घेतलेला गेम अर्ध्या तासात बेचव होतो, हे कॅफेतल्या प्रत्येक पोराला माहीत होतं. मोह आवरत नाही म्हणून मोहाची वस्तूच नको, असं म्हणणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण स्वतःचा मोह आवरायला मदत व्हावी म्हणून दुसऱ्याच्या हातातली वस्तू काढून घेणं मला पटत नाही. त्या दुसऱ्याचे हात थरथरत असतील, त्याला एका डोळ्याने कमी दिसत असेल, किंवा दिवसभर राबून रात्री त्याच्याकडे अर्धाच तास उरत असेल.

आपल्याकडे गल्लीतल्या खेळात यावर फार जुना तोडगा आहे. मोठ्या मुलांत धाकटं भावंड घुसलं की ते कच्चा लिंबू. त्याला पळायला मिळतं, लपायला मिळतं, पण ते बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. आणि हे सगळ्यांना खेळ सुरू होण्याआधी सांगितलेलं असतं. '२०१८' सालच्या 'सेलेस्ट' या गेमने जवळपास हेच केलं. डोंगर चढणाऱ्या मुलीचा तो अतिशय अवघड गेम. त्यात असिस्ट मोड आहे: वेग निम्म्यापर्यंत कमी करा, दम संपू देऊ नका, हवेत हव्या तितक्या झेपा घ्या, हवं तर अमर व्हा. गेम बनत असताना या सोयीचं नाव 'चीट मोड' होतं. बनवणाऱ्यांनी ते बदललं, आणि मला वाटतं फार विचार करून बदललं. जो माणूस ती सोय घेतो त्याला पहिल्याच पडद्यावर लबाड ठरवायचं नाही, हा सभ्यपणा त्यात आहे. 'हेडीस'ची तऱ्हा वेगळी. तिथे गॉड मोड चालू केला की लागणारा मार २० टक्क्यांनी कमी होतो, आणि दर मरणामागे आणखी २ टक्क्यांनी, थेट ८० टक्क्यांपर्यंत. जितक्या वेळा हराल तितका गेम तुमच्याकडे झुकतो. हरण्यालाही अर्थ उरतो, कथाही पुढे जाते.

आता भिडूची गोष्ट. माझी भाची आणि भाचा एकाच घरात दोन टॅबवर एकत्र 'माइनक्राफ्ट' खेळतात. जग भाचीच्या टॅबवरचं. भाचा सुट्टीभर खाली खणत होता, लाव्ह्याच्या कडेकडेने, मशाली लावत, एकेक हिरा जमवत. एक दिवस ताईने सेटिंगमध्ये जाऊन चीट चालू केले आणि 'गिव्ह' आज्ञेने पेटीभर हिरे आणून ठेवले. त्याने पेटी उघडली आणि टॅब सोफ्यावर आपटला. मी तिथेच बसलो होतो.

"मामा, बघ ना, हिने एका मिनिटात आणले!"

"पण मी अर्धे त्यालाच देणार होते!" ती खरोखर गोंधळली होती. तिला वाटलं होतं तो खूश होईल.

"मला नकोत तुझे."

तिच्या पेटीने त्याच्या पेटीतला एकही हिरा कमी झाला नव्हता. पण सुट्टीभरच्या खणण्याची किंमत त्याच्या दृष्टीने एका आज्ञेएवढी झाली होती, आणि हे त्याला न विचारता झालं होतं. रडीचा डाव म्हणतात तो हाच. त्यांच्या आईने ते जग तसंच ठेवून दुसरं नवं जग काढायला लावलं, ज्यात दोघांनाही सगळ्या आज्ञा वापरता येतील. तिथे त्या दोघांनी मिळून एक रेल्वे स्टेशन बांधलं आणि हिऱ्यांचा विषय निघालाही नाही. तीच आज्ञा, तीच पेटी. फरक इतकाच की या वेळी दोघांनी आधी ठरवलं होतं.

ऑनलाइन गेममध्ये ही गोष्ट कित्येक पटींनी मोठी होते. भिंतीपलीकडचा शत्रू दिसणं हे 'डूम'मध्ये शिक्षण होतं. बीजीएमआयसारख्या मोबाइलवरच्या ऑनलाइन लढाईच्या गेममध्ये तेच समोरच्या माणसाची संध्याकाळ चोरणं आहे, आणि ज्यांची खाती त्यासाठी कायमची बंद होतात त्यांच्याबद्दल मला अजिबात सहानुभूती नाही. 'काउंटर स्ट्राइक'मध्ये याची चांगली व्यवस्था आहे. चीटच्या आज्ञा चालतील की नाही हे सर्व्हर ठरवतो. मित्रांनी आपला सर्व्हर काढून ते चालू केलं तर सगळ्यांना मुभा, स्पर्धेच्या सर्व्हरवर कुणालाच नाही. 'फॉलआउट ७६'चं प्रकरण मला जास्त अवघड वाटतं. २०१९ च्या सुरुवातीला काही खेळाडू त्या गेममधल्या लपवलेल्या डेव्हलपर खोलीत जाऊन पोचले. खोलीत गेममधल्या वस्तूंचा ढीग होता, बाजारात अजून न आलेल्या वस्तूंचाही. कंपनीने तिथे गेलेल्यांची खाती स्थगित केली. वस्तू बाहेर आणून विकणाऱ्यांवर कारवाई व्हायलाच हवी होती. पण दार खेळाडूंच्या जगात ठेवून गेलेल्यांनी, नुसतं आत डोकावणाऱ्यालाही त्याच मापाने मोजावं, हे मला कठोर वाटलं.

पुण्यातल्या एका स्टुडिओत माझी एक मैत्रीण गेम तपासायचं काम करते. डिबग मेनू, म्हणजे चुका शोधायला ठेवलेली डेव्हलपर मोडची यादी, हे तिचं रोजचं हत्यार. भिंतीला अंग घासत अख्ख्या शहरभर चालायचं आणि पात्र कुठे आत घुसतं ते टिपून ठेवायचं, असे तिचे दिवस जातात. तिला वाटत होतं की मी फार भाबडेपणाने बोलतोय.

"अरे, तुला ते बटण दिसतं. मला त्याच्यामागून येणारी मेल दिसते," ती म्हणाली. "कुणीतरी कथेतला एक टप्पा आज्ञा देऊन ओलांडतो. दहा तासांनी कुठलं तरी दार उघडत नाही. तो लिहितो, गेम बिघडलाय. काय केलं होतं ते सांगत नाही. आम्ही दोन दिवस ते दार तपासतो."

तिचा दुसरा मुद्दा अर्धवट सोडलेल्या गोष्टींचा होता, आणि त्याला पुरावा आहे. 'व्हाइस सिटी'च्याच मालिकेतल्या 'सॅन अँड्रियास'मध्ये एक प्रौढ प्रसंग बनवून, बंद करून, डिस्कवर तसाच ठेवलेला होता. २००५ मध्ये एका मॉडने, म्हणजे खेळणाऱ्यांनीच गेममध्ये केलेल्या बदलाने, तो उघडला. अमेरिकेतल्या मानांकन मंडळाने गेमचं मानांकन १७ वर्षांवरच्यांऐवजी केवळ प्रौढांसाठी असं केलं, आणि मोठ्या दुकानांनी तो काढून टाकला. कंपन्या आपली आतली खोली कुलपात ठेवतात त्यामागे अशीही भीती असते, आणि ती मला समजते.

मेलच्या प्रश्नाला मात्र उत्तर आहे. 'फॅक्टोरिओ' या कारखाना उभारायच्या गेममध्ये कन्सोल उघडून पहिल्यांदा आज्ञा दिली की ती चालतच नाही. गेम सांगतो की यामुळे अचिव्हमेंट, म्हणजे गेममधली पदकं, बंद होतील, तरी पुढे जायचं असेल तर आज्ञा पुन्हा द्या. पुन्हा दिली की मुकाट्याने चालते. भाषण नाही, खात्यावर डाग नाही, पण नोंद आहे. तक्रार आली तर काय घडलं ते कळतं, आणि ज्याने सरळ वाटेने कारखाना उभा केला त्याचं पदकही निर्मळ राहतं. शिवाय कन्सोल तपासनिसांचं कामही कमी करतो, हे मी मैत्रिणीला सांगितलं. २०११ च्या 'स्कायरिम'मध्ये विंडहेल्म शहरातली खुनाच्या तपासाची एक मोहीम अडकून बसण्याबद्दल प्रसिद्धच होती. ज्यांच्याकडे पीसी होता त्यांनी कन्सोल उघडला, मोहीम पुढच्या टप्प्यावर ढकलली आणि खेळ सुरू ठेवला. ज्यांच्याकडे टीव्हीला जोडायचं यंत्र होतं त्यांच्याकडे तेवढीही सोय नव्हती.

या सगळ्यात मला राग येतो तो एका गोष्टीचा. १९९० च्या सुमारास गॅलूब या अमेरिकी खेळणी कंपनीने 'गेम जीनी' आणला. निन्टेन्डोच्या गेमच्या कार्ट्रिजला तो जोडायचा, कोड टाकायचा, की जीव वाढायचे. वाद कोर्टात गेला आणि निन्टेन्डो हरली. १९९२ मध्ये अपील कोर्टानेही सांगितलं की गेम विकत घेतलेल्या माणसाने घरी करमणुकीसाठी असे बदल करणं म्हणजे कॉपीराइटचा भंग नव्हे. ऑक्टोबर २०२४ मध्ये युरोपीय न्यायालयाने सोनीच्या दाव्यात जवळपास त्याच अंगाने निकाल दिला. तिथे वाद होता एका शर्यतीच्या गेममध्ये टर्बो कधीच न संपण्याचा. खेळ चालू असताना मेमरीतला एखादा आकडा बदलला आणि मूळ प्रोग्रॅमला हात लावला नाही, तर कॉपीराइटचा भंग होत नाही. तीस वर्षांच्या अंतराने दोन न्यायालयांनी हे सांगितलं. पण दरम्यान कोडच नाहीसे झाले. २०१८ चा 'ॲसॅसिन्स क्रीड ओडिसी' हा एकट्याने खेळायचा गेम. त्यात अनुभवाचे गुण कायमचे ५० टक्के जास्त मिळण्याची सोय गेममधल्या दुकानात विकायला होती, साधारण १० डॉलरला, गेमच्या किमतीवर वेगळी. जो आकडा वाढवणं वहीच्या मागच्या पानावर फुकट होतं, तो आता बिलावर आला. बनवणाऱ्याने ठरवलेला अनुभव जपायचा म्हणून कोड देत नाही, हे मी एखाद्या हट्टी कलावंताकडून ऐकून घेईन. तोच अनुभव १० डॉलरला ढिला करून देणाऱ्याकडून ऐकणार नाही.

आतली दारं उघडी ठेवल्याने काय झालं तेही आपल्यासमोर आहे. 'हाफ लाइफ' या गेममध्ये बदल करायची साधनं खुली होती म्हणून १९९९ मध्ये दोन तरुणांनी 'काउंटर स्ट्राइक' बनवला. 'वॉरक्राफ्ट ३'सोबत आलेल्या नकाशे बनवायच्या एडिटरमधून 'डोटा' निघाला, आणि दोन संघांनी एकमेकांचा तळ पाडायचा, आज कोट्यवधी लोक खेळतात तो अख्खा प्रकार त्यातून उभा राहिला. पुण्या-मुंबईत आता गेम बनवणं हा पोटापाण्याचा धंदा झाला आहे, आणि तिथे काम करणाऱ्यांशी बोललं की फार जणांची सुरुवात कुठल्यातरी मॉडने किंवा कन्सोलने झालेली निघते.

मैत्रिणीचा शेवटचा बचाव असा की गेममध्ये इतरांकडून परवाना घेऊन वापरलेले भाग असतात, सगळं खुलं करता येत नाही. 'डूम'ने यातून वाट काढली होती. १० डिसेंबर १९९३ ला आलेल्या त्या गेमचा सोर्स कोड, म्हणजे मूळ प्रोग्रॅम, त्याचे मुख्य प्रोग्रॅमर जॉन कारमॅक यांनी २३ डिसेंबर १९९७ ला सगळ्यांना देऊन टाकला. आवाजाचा भाग दुसऱ्याकडून घेतलेला होता, म्हणून तेवढा काढून घेतला आणि बाकीचं दिलं. आवाजाचा भाग लोकांनी स्वतः लिहून काढला. पहिल्याच दिवशी कन्सोल द्यायला भीती वाटत असेल तर कंपन्यांनी निदान इतकं करावं: विक्री आटली, सर्व्हर बंद करायची वेळ आली, की शेवटचा अपडेट म्हणून डिबग मेनू खुला करावा. सोर्स कोडही मागत नाही मी. मैत्रिणीला विचारलं की यात किती काम आहे. ती म्हणाली, फारसं नाही, बऱ्याचदा मेनू आतच असतो, आम्ही तो फक्त बंद करून पाठवतो.